अंडी रंगवायला घरगुती रंग: काय चढतं आणि काय पाण्यातच राहतं?

केशरकाडी:
मंडळी, उकडलेली अंडी रंगवायची आहेत. दोन दिवस शोभेला ठेवायची आणि मग खाऊन टाकायची, त्यामुळे पाकिटातले रंग नकोत, जे काय असेल ते स्वयंपाकघरातलंच हवं. नेटवर शोधलं तर जो तो एकच यादी फिरवतोय, हळदीचा पिवळा, बीटाचा गुलाबी, पालकाचा हिरवा, गाजराचा केशरी, तिखटाचा लाल, आणि फोटोत सगळी अंडी अशी झगझगीत की बघूनच शंका यावी. पालक उकळलेलं पाणी मी रोज बघते हो, त्यात अंडंच काय पांढरा रुमालसुद्धा धड हिरवा होणार नाही. तर ज्यांनी खरंच करून बघितलंय त्यांनी सांगा की यातलं नक्की काय चालतं, प्रमाण काय घ्यायचं, आणि मला मुख्य म्हणजे निळा हवाय, तो कशाने येतो? आणि व्हिनेगर सगळ्यात घालायचंच असतं का?

चमचाभर:
निळ्याला जांभळा कोबी. डोळे झाकून. मध्यम आकाराचा अर्धा गड्डा बारीक चिरा, एक लिटर पाण्यात अर्धा तास मंद उकळा, गाळा, पूर्ण गार करा, मग दर कपाला एक टेबलस्पून व्हिनेगर. अंडी बुडवून भांडं रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी असा निळा मिळतो की लोक विचारतात कुठला रंग आणला म्हणून.

अर्धकच्चा:
पण व्हिनेगर घातलं की कोबीचं पाणी गुलाबी होतं ना? शाळेत केलेला प्रयोग आठवतोय. मग गुलाबी पाण्यात निळं अंडं कसं काय?

चमचाभर:
होतं खरं तसं. गुलाबी पाण्यात निळं अंडं. का ते विचारू नका, होतं म्हणजे होतं.

बुडबुडा:
का ते मी सांगतो, कारण या धाग्याची सगळी गोम तिथेच आहे. भांड्यातल्या पाण्याचा रंग आणि अंड्यावर येणारा रंग यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसतो. अंड्याचं कवच म्हणजे साधारण ९४-९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच्या जातीचा अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचा) पदार्थ. कोबीतला रंग अँथोसायनिन, तो आम्लात लाल-गुलाबी, मध्ये जांभळा, थोडं अल्कलीकडे गेलं की निळा, अजून पुढे हिरवा आणि शेवटी पिवळा. पाण्यात व्हिनेगर आहे म्हणून पाणी गुलाबी. पण जो रंग कवचाला जाऊन चिकटला त्याच्या अगदी खाली कार्बोनेट आहे, तिथलं आम्ल लगेच मारलं जातं (ते बारीक बुडबुडे येतात ना अंड्यावर, तो कार्बन डायऑक्साइड), त्यामुळे तिथे पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, जितकं वर तितकं अल्कलीकडे) वर आणि रंग निळा. बाहेर काढल्यावर वाळताना तो अजून पक्का निळा दिसायला लागतो.

म्हणजे रंगाचं पाणी बघून "वा काय सुंदर गुलाबी आहे" असं म्हणून अंडी टाकली तर फजिती ठरलेली. पाणी बघायचंच नाही, एक टेस्ट अंडं टाकायचं.

केशरकाडी:
बुडबुडा, हे भारी आहे. मग मी आधीच खायचा सोडा टाकून पाणी निळं केलं तर अजून जास्त निळं नाही का होणार?

बुडबुडा:
पाणी होईल निळं-हिरवं, अंडं होईल फिकट. कारण व्हिनेगरचं काम रंग बदलणं हे नाहीच मुळी, रंग चिकटवणं हे आहे. कवचाच्या बाहेर प्रथिनांचा एक पातळ थर असतो, क्यूटिकल म्हणतात त्याला, साधारण १० मायक्रॉनच्या आसपास. आम्लात या प्रथिनांवर धन प्रभार येतो, आणि बरेचसे रंग ऋण प्रभाराचे, ते ओढले जातात. पाकिटातल्या फूड कलरचं तर सरळसरळ असंच आहे, तिथे व्हिनेगर नाही घातलं तर रंग जेमतेम बसतो. सोड्याच्या पाण्यात ही ओढच राहत नाही, आणि वर अँथोसायनिन अल्कलीत फार वेळ टिकत पण नाही.

तिखटमीठ:
मग सगळ्यात व्हिनेगर घालायचंच असं झालं ना.

बुडबुडा:
नाही, तसंही नाही. कांद्याच्या सालांना फारसं लागत नाही, चहाला पण नाही. त्यांच्यात टॅनिनसारखी द्रव्यं असतात आणि ती प्रथिनांना तशीही चिकटतात. कडक चहाने तोंड तुरट होतं ते त्याच्यामुळेच, लाळेतल्या प्रथिनांना धरतात. इथे जिभेऐवजी अंडं. थोडं व्हिनेगर घातलं तर बिघडत काही नाही, पण नसलं म्हणून अडत पण नाही.

सालपट:
कांद्याचा विषय निघाला म्हणून आलो. एवढ्या सगळ्यात एकच रंग करायचा असेल तर कांद्याची सालं करा, बाकी सगळं नंतर. पिवळ्या-तपकिरी कांद्याची कोरडी वरची सालं, फक्त कोरडी, आतला ओला कांदा नको नाहीतर घरभर वास. दहा-बारा मोठ्या कांद्यांची सालं एक लिटरला, अर्धा तास उकळायची, पाणी गडद लालसर तपकिरी झालं पाहिजे. याचा मोठा फायदा म्हणजे हा रंग उकळ्या पाण्याला घाबरत नाही, त्यामुळे कच्ची अंडी त्यातच टाकून दहा-बारा मिनिटं उकडून घ्यायची, उकडणं आणि रंगवणं एकाच वेळी. पाच मिनिटात काढलं तर केशरी, पूर्ण उकडलं तर विटकरी, आणि त्याच पाण्यात गार होऊ दिलं तर पार गडद चेस्टनट होतं. क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य असतं त्यात. सालं आठवडाभर साठवत जा पिशवीत, फुकटचा माल आहे.

लाल कांद्याच्या सालांकडून मात्र लोक लाल रंगाची अपेक्षा करतात, तिथे पण कोबीसारखंच काहीतरी होतं, अँथोसायनिन असतंच त्यात, कधी मातकट जांभळट येतो, कधी चक्क हिरवट तपकिरी. मला आवडतो तो रंग पण तो लाल नाही हे आधीच सांगून ठेवतो.

निळीशाई:
+१ कांद्याला. आणि त्यातलं सगळ्यात सुंदर म्हणजे पानांची नक्षी. कोथिंबिरीचं एक चांगलं पसरलेलं पान पाण्यात भिजवून कच्च्या अंड्यावर चिकटवायचं, वरून जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा घट्ट ताणून मागे गाठ मारायची आणि सालांच्या पाण्यात उकडायचं. गार झाल्यावर कापून काढलं की पानाचा ठसा पांढरा आणि बाकी अंडं विटकरी. मोजा घट्ट पाहिजे, सैल असला तर पानाखाली पाणी शिरतं आणि कडा धुरकट येतात. मेथीचं पान पण छान उठतं. पुदिन्याचं जाड असतं, टेकत नाही नीट.

आणि पूर्ण नक्षीचा कंटाळा असेल तर ओल्या अंड्यावर सालांचेच तुकडे आणि थोडे तांदळाचे दाणे लावून कापडात घट्ट गुंडाळून उकडा. संगमरवरासारखं काहीतरी निघतं, दरवेळी वेगळं.

केशरकाडी:
हे तर करणारच. बीट?

चमचाभर:
बीट म्हणजे अपेक्षाभंग.

मऊभात:
का हो, माझी बीटाची अंडी छान गुलाबी येतात. फिकट गुलाबी, पण गुलाबी.

गाळणी:
बीटाचं दोघांचंही बरोबर आहे, कसं करता त्यावर आहे. बीटातला रंग बेटानिन, हा कोबीतल्या रंगाच्या कुळातला नाहीच, पूर्ण वेगळं रसायन आहे. कोबीसारखा हा निळा-बिळा होत नाही, पीएच ३ ते ७ मध्ये लालच राहतो, पण उष्णतेने मरतो. बीटाच्या पाण्यात अंडी टाकून खळाखळा उकडली की तपकिरी, मातकट असं काहीतरी येतं आणि लोक बीटाला नावं ठेवतात. बीट किसून कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, किंवा हलकं शिजवून गाळा, पूर्ण गार करा, व्हिनेगर घाला, आणि उकडलेली गार अंडी त्यात फ्रीजमध्ये. चार-पाच तास ते रात्रभर. मऊभात बहुतेक असंच करत असणार.

मऊभात:
हो अगदी असंच, किसूनच करते मी. शिजवत नाही अजिबात.

गाळणी:
आणि गंमत बघा, तेच बीटाचं पाणी सोललेल्या अंड्यावर वापरा. काय भडक राणी कलर येतो! कारण तिथे कवचाची भानगडच नाही, पांढरा भाग म्हणजे सरळ प्रथिन, रंग थेट आत झिरपत जातो. बीट + व्हिनेगर + मीठ + थोडी साखर, सोललेली अंडी रात्रभर फ्रीजमध्ये, कापलं की बाहेर गुलाबी, मग पांढरं, मग पिवळं. शोभेचंच हवं असेल तर पाहुण्यांसमोर हे ठेवा, कवच रंगवत बसण्यापेक्षा सोपं आहे असं माझं मत.

तिखटमीठ:
हे म्हणजे धाग्याला फाटा फोडला तुम्ही, पण चालेल, भूक लागली 😀

आता पालक-गाजर-तिखट या तिघांचं काय ते कोणीतरी एकदाचं सांगून टाका.

बुडबुडा:
तिघांनाही बाद. आणि तिघांचं कारण एकच. पालकातलं हरितद्रव्य, गाजरातलं कॅरोटीन, लाल तिखटातलं कॅप्सान्थिन, हे सगळे तेलात विरघळणारे रंग, पाण्यात नाही. फोडणीत तिखट टाकलं की तेल कसं लगेच लाल होतं, आणि तेच तिखट नुसत्या पाण्यात टाका, खाली गाळ बसतो. रंग पाण्यात उतरलाच नाही तर अंड्यावर चढणार कुठून. पालकाने फार तर शेवाळी छटा येते, उजेडात नीट बघितलं तर दिसते. ज्या याद्यांमध्ये हे तीन असतात ना, त्या लिहिणाऱ्याने एकही अंडं बुडवलेलं नाही असं खुशाल समजा.

अर्धकच्चा:
मग तेलात तळायचं का अंडं कवचासकट 😂

बुडबुडा:
करा आणि फोटो टाका. लांबून.

हळकुंड:
बुडबुडासाहेब, हळदीतलं कर्क्युमिन पण पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मग हळद कशी चढते? तुमचा नियम मोडला की इथे.

बुडबुडा:
बरोबर पकडलंत. कर्क्युमिन पाण्यात फारच कमी उतरतं, पण गरम पाण्यात जेवढं उतरतं आणि जेवढे अतिबारीक कण तरंगत राहतात तेवढ्यात काम होतं, कारण त्याचा पिवळेपणा इतका जबरदस्त आहे की चिमटीभर पुरतं. कपड्यावरचा हळदीचा डाग आठवा. शिवाय ते प्रथिनांना धरतं पण चांगलं. म्हणजे नियम असा म्हणू की पाण्यात थोडा तरी उतरला पाहिजे आणि कवचाला धरला पाहिजे, दोन्ही. गाजर पहिल्यातच नापास.

हळकुंड:
मान्य. हळदीचं माझं प्रमाण, लिटरभर पाण्याला दोन-तीन टेबलस्पून, पंधरा मिनिटं उकळून मग दुहेरी कापडातून गाळायचं. हे गाळणं सोडू नका, चहाची गाळणी चालत नाही, पावडर खाली जातेच आणि मग अंड्यावर ठिपके आणि एका बाजूला गाळाचा पट्टा. गाळलेल्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर, अंडी अर्धा तास ठेवली तरी मस्त पिवळी. रात्रभर ठेवली तर मोहरीसारखा गडद पिवळा.

हळदीत सोडा टाकून लाल करायचा मोह होतो सगळ्यांना, पाणी होतं पण लालबुंद, अंडं लालसर तपकिरी निघतं, आणि मग त्याला कुठे आंबट हात लागला की तिथे परत पिवळा डाग. कर्क्युमिनचा स्वभावच तो. मुलांना त्याच अंड्यावर लिंबाच्या रसात काडी बुडवून चित्रं काढायला द्या, लाल अंड्यावर पिवळी रेघ. तो एक वेगळाच खेळ होतो.

केशरकाडी:
हे लिंबाचं भन्नाट आहे! पण मग हिरवा कशाने? पालक तर गेला.

चमचाभर:
हळद + कोबी. आधी अंडं हळदीत पिवळं करा, काढून पूर्ण वाळवा, मग कोबीच्या पाण्यात. अर्ध्या तासात पोपटी, जास्त ठेवलं तर गडद हिरवा. क्रम हाच ठेवा, आधी पिवळा मग निळा. आणि मधे वाळवणं महत्त्वाचं, ओल्यावर ओलं टाकलं की पहिला रंग सुटून दुसऱ्या भांड्यात जातो आणि दोन्ही वाया.

दुसरा शॉर्टकट, ब्राऊन अंडी सरळ कोबीच्या पाण्यात. खालच्या तपकिरीवर निळा चढून हिरवट येतो. हळदीवाल्यापेक्षा मळकट पण जास्त खरा वाटतो मला तरी, ऑलिव्हसारखा.

मऊभात:
आमच्याकडे ब्राऊनच अंडी येतात. मग ती बादच का बाकी रंगांना?

सालपट:
बाद कशाला, उलट कांद्याला आणि चहाला ब्राऊनच भारी. पांढऱ्यावर केशरी येतो तोच ब्राऊनवर मरून. फक्त गुलाबी आणि फिकट निळा विसरा.

बुडबुडा:
ब्राऊन अंड्यांचं अजून एक. त्यांचा तपकिरी रंग (प्रोटोपॉर्फिरिन) कवच जवळजवळ तयार झाल्यावर शेवटी शेवटी वर बसतो, त्यामुळे तो मुख्यतः बाहेरच्याच थरात असतो. व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून फडक्याने चोळलं तर बराचसा निघून येतो. नैसर्गिक निळसर कवचाची अंडी असतात त्यांचा रंग मात्र कवचात आरपार असतो, तो चोळून जात नाही. पण ब्राऊन चोळून पांढरं करायच्या भानगडीत पडू नका, त्याबरोबर क्यूटिकल पण जातं आणि मग पुढचा रंग ठिपक्याठिपक्याने बसतो.

अर्धकच्चा:
ठिपक्यांवरून, पांढरी अंडी आणून पण कधीकधी रंग पॅचेसमध्ये बसतो, एकाच ट्रेमधली दोन अंडी, एक मस्त आणि एक टक्कल पडल्यासारखं. त्याचं काय?

गाळणी:
बऱ्याच कारणांनी होतं. काही ठिकाणी अंडी धुऊन विकतात, त्यात क्यूटिकल गेलेलं असतं, कधी वरून खायच्या दर्जाच्या मिनरल ऑइलचा हात दिलेला असतो म्हणजे टिकावीत म्हणून, तेलावर पाण्याचा रंग बसणार कसा. शिवाय आपल्या हाताचं तेल. रंगवायच्या आधी व्हिनेगर लावलेल्या मऊ कपड्याने हलकं पुसून घ्या, घासायचं नाही, नुसतं पुसायचं. आणि भांड्यात अंडी एकमेकांना टेकली की टेकलेल्या जागी गोल पांढरा चट्टा राहतो, एक थर ठेवा आणि मधून मधून फिरवा. क्यूटिकल प्रत्येक अंड्याचं सारखं नसतंच, त्यामुळे थोडा फरक राहणारच, तो दोष समजू नका.

जास्वंदी:
माझ्या आवडीचा रंग कोणीच घेतला नाही अजून. तो आंबट लाल जास्वंद-चहा असतो ना, सुकवलेला, त्याचं कडक पाणी. अंडं टाकलं की सोडावॉटरसारखं फसफसायला लागतं कारण ते मुळातच आंबट, त्यात वेगळं व्हिनेगर घालायचं नाही. पाणी रक्तासारखं लाल आणि अंडं निघतं गडद जांभळट काळं, वादळी ढगाच्या रंगाचं. पण ओलं असताना हात लावलात तर वरचा पापुद्रा बोटाला येतो, कारण आम्लाने वरचा थर सैल झालेला असतो. चिमट्याने अलगद काढायचं, जाळीवर ठेवायचं आणि विसरून जायचं. मला तर मुद्दाम बोट फिरवून पांढऱ्या रेघा पाडायला आवडतं, पावसाळी आकाश दिसतं. वेळ मात्र तासाच्या आत ठेवा, आंबट पाण्यात फार वेळ ठेवलं तर कवच खरखरीत होतं.

तिखटमीठ:
आंबटाचंच म्हणताय तर, व्हिनेगर संपलंय, लिंबू चालेल का?

बुडबुडा:
अडलं तर चालेल, पण कमी घ्या. घरचं व्हिनेगर साधारण ४-५ टक्के ॲसिटिक आम्लाचं असतं, लिंबाचा रस सायट्रिक आम्लाचा आणि साधारण तेवढाच तीव्र, शिवाय ते आम्ल ॲसिटिकपेक्षा जोरदार. कपाला दोन चमचे पुरे. आणि व्हिनेगर पण जास्त घातलं की जास्त रंग असं नसतं. नुसत्या व्हिनेगरमध्ये अंडं दिवसभर ठेवा, कवचच विरघळून रबरी चेंडू हातात येतो. रंगायला काही उरलं पाहिजे ना.

कढईवाली:
भांड्यांबद्दल कोणी बोललं नाही. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कोबी किंवा आंबट काही उकळू नका, पाण्याचा रंगच बदलतो, भांडं पण काळवंडतं. स्टील किंवा काच. लोखंडी कढईत चहाचं किंवा डाळिंबाच्या सालाचं पाणी केलं तर टॅनिन आणि लोखंड मिळून काळं होतं, पण ते हवंच असेल तर मुद्दाम करा. डाळिंबाच्या सालांचा स्टीलमध्ये खाकी पिवळा येतो आणि तेच लोखंडात करड्या-काळ्या छटेवर जातं. माझ्याकडे आता करड्या अंड्यांची फर्माईश होते.

पक्कारंग:
रंग पक्का करायला तुरटी टाका चिमूटभर. कापड रंगवताना टाकतात तशी.

बुडबुडा:
कापडाला धुवायचं असतं म्हणून तुरटी. अंडं कोण धुणार आहे? तुरटीतलं ॲल्युमिनियम अँथोसायनिनला धरून निळा जास्त निळा करतं हे खरंय, पण खायच्या अंड्यांना नको असं माझं मत. नुसती शोभेची असतील तर टाका खुशाल.

पक्कारंग:
चिमटीने काय होतंय, तुरटी खाण्यात वापरतातच की. पण ठीक आहे, ज्याची त्याची मर्जी.

साधंसरळ:
एवढा सगळा कुटाणा करण्यापेक्षा फूड कलरचे दोन थेंब, पाच मिनिटांत काम. एका अंड्याला रात्रभर फ्रीजमध्ये जागा अडवायची म्हणजे जरा अतीच.

निळीशाई:
पाच मिनिटांत होतं हे खरं आहे, घाई असेल तर तेच करावं. पण तो रंग सगळ्या अंड्यांवर एकसारखा सपाट बसतो, इथे एकाच कोबीच्या पाण्यातून आकाशी पासून मोरपिशी पर्यंत निघतं, कुठे बुडबुडा अडकला तिथे फिकट गोल, कुठे ओघळ. मला तेच बघायचं असतं.

केशरकाडी:
साधंसरळ, फ्रीज माझा आहे, काळजी नको 😛

आता खायचं विचारते. रात्रभर रंगात बुडालेली अंडी खायला चालतात ना? कांद्याचा, कोबीचा वास लागतो का आत? आणि शोभेला किती वेळ बाहेर ठेवू शकते?

गाळणी:
वास जवळजवळ नाही लागत, सोलल्यावर कळत नाही. तडा गेलेलं अंडं असेल तर आत रंगाच्या रेघा दिसतात, खायच्याच वस्तूंचा रंग असेल तर त्याने काही होत नाही, पण तडा मोठा असेल तर ते अंडं त्याच दिवशी संपवा.

वेळेचं मात्र नीट पाळा. उकडलेलं अंडं बाहेर जास्तीत जास्त दोन तास, त्याहून जास्त वेळ टेबलावर राहिलेलं खायचं नाही. फ्रीजमध्ये ४ अंश किंवा त्याखाली, आणि आठवड्याच्या आत संपवायचं. म्हणून रात्रभर रंगात ठेवायची ती पण फ्रीजमध्येच, ओट्यावर नाही. उकडल्याने वरचं संरक्षण कमी होतं, आणि कवचाला हजारो भोकं असतात, साधारण ७ हजार ते १७ हजार म्हणतात. तुमचं "दोन दिवस शोभेला आणि मग खायची" हे फ्रीजबाहेर होणार नाही. एक काम करा, खायची वेगळी आणि शोभेची वेगळी ठेवा.

आणि अंडी उकळवून उकळवून दगड करू नका, रंगासाठी म्हणून वीस-वीस मिनिटं उकळतात लोक, मग बलकाभोवती हिरवट-करडं कडं येतं. लोह आणि गंधक मिळून होतं ते, अपाय नाही पण दिसतं वाईट.

मऊभात:
आणि फार ताजी अंडी घेऊ नका, सोलताना अर्धं पांढरं कवचाबरोबर जातं. आठवडाभर जुनी बरी.

बुडबुडा:
हो, कारण भोकांमधून कार्बन डायऑक्साइड हळूहळू निघून जातो आणि पांढऱ्याचा पीएच साधारण ७.६ वरून ९.२ च्या आसपास चढतो, मग ते आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतं. रंग कवचावर कसाही येवो, सोलताना चाळण झाली तर कसला आनंद.

अर्धकच्चा:
शोभेची वेगळी म्हणजे पोकळ करून ठेवायची ना, दोन्हीकडे भोक पाडून फुंकून? ती पाण्यात बुडत नाहीत पण. तरंगतात नुसती.

निळीशाई:
म्हणून आधी रंगवा, मग पोकळ करा. कच्चं अंडं गार रंगात फ्रीजमध्ये रात्रभर, वाळवलं, मग दोन्ही टोकांना सुईने भोक, खालचं जरा मोठं, आतला बलक लांब सुईने फोडून घ्यायचा आणि बाहेर काढायचा. तोंडाने फुंकायचं नाही, कच्च्या अंड्याच्या कवचावर साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, औषधाची मोठी सिरिंज (बिनसुईची) किंवा रबरी फुगा वापरा हवा ढकलायला. आत पाणी घालून खळखळून धुवा आणि उभं करून सुकवा, नाहीतर महिन्याभरात वास येतो. निघालेल्या अंड्याचं ऑम्लेट करायचं असेल तर लगेच आणि पूर्ण शिजवून.

शोभेच्याला रंग कांदा किंवा चहाचाच घ्या. हळद उन्हात, नुसत्या खिडकीच्या उजेडात पण, भराभर उडते. बीट तर त्याहून नाजूक. कोबी मधला.

कढईवाली:
चहाचं कोणी सांगितलं नाही प्रमाण. लिटरला मूठभर पत्ती, कडक काढा. अजून एक, उकडलेल्या अंड्याचं कवच चमच्याने हलकं ठोकून सगळीकडे तडे पाडायचे पण सोलायचं नाही, आणि गार चहात रात्रभर फ्रीजमध्ये. सोललं की आत पांढऱ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी तपकिरी नक्षी. कॉफीने पण होतं पण चहाच्या रेघा स्वच्छ येतात.

केशरकाडी:
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, वाचनखूण साठवलीये. माझं असं ठरतंय की कांदा पानांच्या नक्षीचा, कोबीचा निळा, हळद-कोबीचा हिरवा, आणि बीट फक्त सोललेल्यांना. जास्वंद मिळाली तर ती पण. मेणाने नक्षी करता येईल का कोबीवाल्यांवर? आणि अंडी चकचकीत दिसायला वरून तेल लावतात ना, ते कधी लावायचं?

चमचाभर:
मेण चालेल, पांढऱ्या मेणबत्तीच्या तुकड्याने किंवा मेणखडूने कोरड्या अंड्यावर रेघा काढा, कोबी गारच असतो त्यामुळे मेण वितळत नाही. कांद्याच्या उकळत्या पाण्यात मेण अजिबात नको, वितळून सगळीकडे पसरतं. रबरबँड दोन्हीत चालतं.

तेल सगळ्यात शेवटी, पूर्ण वाळल्यावर, कापसाने दोन थेंब चोळायचे, कोणतंही खायचं तेल. रंग एकदम एक शेड गडद दिसायला लागतो. हळद-कोबीवाल्या हिरव्यांना मधे चुकूनसुद्धा लावू नका, दुसरा रंग बसणारच नाही. आणि जास्वंदवाल्यांना तेल लावूच नका, पापुद्रा निघतो कापसाबरोबर.